गिटारीवरील खुणा

गेल्या वर्षीं आमच्या संगीताच्या तासास एक गोष्ट घडली. ती ह्या पानांत सांगावी किंवा नाहीं ह्याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत होतों. कारण तींत जो दोष आहे तो विद्यार्थ्याचा थोडा व आमचा अधिक आहे. शेवटीं असें वाटलें कीं, एकाच्या चुकीच्या कथनानें जर पुष्कळांचीं वाद्यें वांचणार असतील, तर ती चूक झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

आमचा एक विद्यार्थी आपल्या आजोबांची गिटार घेऊन शिकावयास येत असे. नायलॉनच्या तारांची व रुंद दांडीची जी जात शास्त्रीय गिटार म्हणून ओळखली जाते, त्या जातीची ती होती. आजोबांनीं ती तरुणपणीं विकत घेतली होती, आणि पुढें कित्येक वर्षें रविवारच्या उपासनेंत गीतांच्या साथीस वाजविली होती. वार्धक्यानें हात कांपूं लागले तेव्हां त्यांनीं ती नातवाच्या स्वाधीन केली. परंतु ती शिकण्यापुरती. मुलगा मनापासून मेहनत करी, पण त्याचें बोट पांचव्या घराऐवजीं वारंवार चवथ्या घरांत पडे. एके दिवशीं तास संपत आला असतां आम्ही घाईनें म्हणालों, "अरे, तेथें एखादी खूण करून ठेव ना!" खूण कशानें करावी, कोठें करावी, हें आम्हीं सांगितलें नाहीं. पुढल्या तासास तो मोठ्या उत्साहानें आला. दांडीच्या काळ्याभोर पट्टीवर त्यानें कर्कटकाच्या टोंकानें पांच भोंकें कोरलीं होतीं, आणि त्यांत खडूची पूड भरली होती. "सर, पाहा, खुणा केल्या!" असें तो म्हणाला, तेव्हां आम्हांस कांहीं बोलण्यास सुचेना.

त्या पांच भोंकांचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं. जो धडा आम्हीं त्या दिवशीं द्यावयास पाहिजे होता, तो आधीं येथें देतों.

पडदे व त्यांचीं अंतरें

ज्यांनीं सतार पाहिली आहे त्यांस पडदा म्हणजे काय हें सांगावयास नको. गिटारीच्या दांडीवरही तसेच धातूचे आडवे पडदे असतात. गिटार वाजविणारे त्यांस फ्रेट म्हणतात, आणि ज्या लाकडी पट्टीवर ते बसविलेले असतात तीस फ्रेटबोर्ड म्हणतात. भेद हा कीं, सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असून ते वरखालीं सरकवितां येतात. गिटारीचे पडदे लाकडांत खांच पाडून कायमचे ठोकलेले असतात. मिरजेच्या ज्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती सतार वाजविणारा एखादा पडदा कानास खटकला तर तो किंचित् सरकवून सुरांत आणूं शकतो. गिटारीच्या कारागिरास मात्र सर्व हिशोब आधींच करावा लागतो. कारण एकदां ठोकलेला पडदा मागाहून हलत नाहीं.

तो हिशोब असा. खुंट्यांजवळ तारांसाठीं खांचा पाडलेली जी पांढरी पट्टी असते तीस नट म्हणतात. दुसऱ्या टोंकास, गिटारीच्या पोटावर, तारा घोडीवर टेकतात. ह्या दोहोंमधील तारेची लांबी शास्त्रीय गिटारींत बहुधा ६५० मिलिमीटर असते. एका सप्तकांत शुद्ध व विकृत मिळून बारा स्वर. म्हणून नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत बारा पायऱ्या होतात. बाराव्या पडद्यावर तार अर्धी होते, आणि मोकळ्या तारेचा स्वर षड्ज मानिला तर तेथें वरच्या सप्तकाचा षड्ज निघतो. ह्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या नसतात. नटाजवळचीं घरें रुंद आणि पोटाकडचीं घरें अरुंद असतात, हें कोणासही नुसत्या डोळ्यांनीं दिसेल. ह्याचें कारण असें कीं, दर पायरीस उरलेल्या तारेचा एक ठराविक हिस्सा कमी होतो. आणि तार आंखूड होत गेली म्हणजे तो हिस्साही आंखूड होत जातो.

हा हिस्सा किती धरावा? प्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओ ह्याचा पिता व्हिन्चेन्झो गॅलिली हा स्वतः ल्यूट नामक तंतुवाद्य वाजविणारा होता. त्यानें १५८१ सालीं छापलेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथांत अठरावा हिस्सा सुचविला. नववी-दहावींतील विद्यार्थ्यांनीं हा हिशोब स्वतः करून पाहावा. ६५० मधून त्याचा अठरावा भाग वजा करावा, बाकीमधून बाकीचा अठरावा भाग वजा करावा, आणि असें बारा वेळां करावें. बारावा पडदा नटापासून ३२५ मिलिमीटरांवर यावयास पाहिजे, तो सुमारें ३२२.६ मिलिमीटरांवर येतो. ही तूट २.४ मिलिमीटरांची आहे. तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी म्हणा. परंतु कान ती ओळखतो. म्हणून आज १८ च्या ऐवजीं १७.८१७ ह्या आंकड्यानें भागितात. त्या रीतीनें पहिला पडदा नटापासून ३६.५ मिलिमीटरांवर, तिसरा १०३.४ वर, पांचवा १६३ वर, सातवा २१६.२ वर, नववा २६३.५ वर आणि बारावा बरोबर ३२५ वर येतो.

हें गणित येथें देण्याचा हेतु एवढाच कीं, ज्या पट्टीवर आपण सहज हत्यार चालवूं पाहतों, ती किती काळजीनें मापून घडविलेली असते हें ध्यानांत यावें.

खूण कोणत्या घरांत करावी

दोन पडद्यांमधील जागेस आपण घर म्हणूं. नट व पहिला पडदा ह्यांमधील तें पहिलें घर, पहिला व दुसरा पडदा ह्यांमधील तें दुसरें घर, पुढेंही ह्याचप्रमाणें. कांहीं गिटारींत नटास लागूनच एक जादा पडदा असतो. तो शून्य समजावा. तो मोजण्यांत धरला तर पुढील सर्व खुणा एक घर चुकतात.

पुष्कळ गिटारींवर कारखान्यांतूनच तिसऱ्या, पांचव्या, सातव्या व नवव्या घरांत एकेक ठिपका, आणि बाराव्या घरांत दोन ठिपके असतात. पुढें पंधरा, सतरा व एकोणीस ह्या घरांतही असतात. आपल्या स्वरांच्या भाषेंत बोलावयाचें तर तिसऱ्या घरांत कोमल गंधार, पांचव्यांत शुद्ध मध्यम, सातव्यांत पंचम, नवव्यांत शुद्ध धैवत आणि बाराव्यांत तार षड्ज मिळतो. कांहीं गिटारींवर नवव्याच्या ऐवजीं दहाव्या घरांत ठिपका आढळतो. म्हणून दुसऱ्याची गिटार हातीं घेतांना ठिपक्यांवर भरंवसा ठेवण्यापूर्वीं एकदां घरें मोजून घ्यावीं. शास्त्रीय गिटारीचा फ्रेटबोर्ड मात्र बहुधा कोरा असतो. फार झालें तर कडेवर सातव्या घराशीं एक बारीक ठिपका असतो. ह्यामुळेंच शिकणारा गोंधळतो, आणि त्यास खूण करण्याचा मोह होतो.

येथें एक गोष्ट विसरूं नये. ठिपका घराच्या मध्यावर असतो, परंतु बोट मध्यावर ठेवावयाचें नसतें. तें पोटाकडील पडद्याच्या अगदीं मागें, त्याला जवळजवळ खेटून ठेवावयाचें असतें. पांचवें घर १३४ पासून १६३ मिलिमीटरांपर्यंत आहे. त्याचा ठिपका सुमारें १४८.५ वर येईल. बोट मात्र १६३ च्या जवळ हवें. ठिपक्यावरच बोट दाबणाऱ्या मुलाचा स्वर खरखरतो, आणि तो उगाच अधिक जोर लावून बोट दुखवून घेतो.

तारेनें स्वतः दाखविलेल्या खुणा

मनुष्यानें खुणा करण्यापूर्वींच तारेंत कांहीं खुणा आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तार दाबूं नये. बाराव्या पडद्याच्या बरोबर डोक्यावर, पिसासारखें हलकें, डाव्या हाताचें बोट तारेस टेकवावें, उजव्या हातानें तार छेडावी, आणि लगेच डावें बोट उचलावें. घंटेसारखा एक निर्मळ नाद उमटेल. बोट थोडें अलीकडे किंवा पलीकडे टेकलें तर तो नाद मरतो, आणि नुसता बद्द आवाज होतो. असाच नाद सातव्या पडद्यावर व पांचव्या पडद्यावरही मिळतो.

ह्याचें कारण सोपें आहे. तार एकाच वेळीं सबंध कांपते, दोन समान भागांत कांपते, तिहींत कांपते, चोहींत कांपते. अर्ध्या लांबीवर बोट टेकलें म्हणजे दोन भागांचें कंपन तेवढें स्पष्ट उरतें. तो बारावा पडदा. ६५० चा तिसरा हिस्सा २१६.७ मिलिमीटर होतो, आणि सातवा पडदा २१६.२ वर आहे. चवथा हिस्सा १६२.५ होतो, आणि पांचवा पडदा १६३ वर आहे. अंतर दोहोंकडे अर्ध्या मिलिमीटराचें. म्हणून बारा, सात व पांच हे तीन पडदे अंधारांतही कानानें शोधतां येतात. सृष्टिकर्त्यानें जी व्यवस्था तारेंत ठेविली आहे तिच्यासाठीं ठिपका लागत नाहीं. इतर पडद्यांवर इतका सहज व स्पष्ट नाद मिळत नाहीं. म्हणून ह्या तिन्हींचा उपयोग आपल्या खुणा तपासण्यासाठीं करावा.

करूं नयेत अशा गोष्टी

खुणेचें साधन निवडण्यापूर्वीं लाकूड ओळखावें. काळा किंवा काळसर तपकिरी फ्रेटबोर्ड बहुधा आबनुसाचा किंवा शिसवी जातीच्या लाकडाचा असतो, आणि त्यावर बहुधा वार्निश नसतें. नीट पाहिलें तर त्यांत बारीक रेषा व रंध्रें दिसतात. फिकट पिवळसर व चकचकीत फ्रेटबोर्ड मेपल नामक लाकडाचा असतो, आणि त्यावर वार्निशाचा थर असतो. उघड्या लाकडास भय शोषण्याचें. वार्निशास भय विरघळण्याचें. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील निषेध पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप कळतात.

कर्कटक, चाकू, खिळा व सुई ह्यांविषयीं बोलावयास नको. कोरलेलें लाकूड पुन्हां भरून येत नाहीं.

न पुसणाऱ्या शाईचीं जाड पेनें वापरूं नयेत. शाई उघड्या लाकडाच्या रंध्रांत उतरते, आणि मग ती घांसूनच काढावी लागते. म्हणजे शाईबरोबर लाकूडही जातें.

चुका खोडण्याचा पांढरा द्रव मुलांच्या दप्तरांत असतो, व तो हातीं येतो. उघड्या लाकडावर तोही रंध्रांत बसतो, आणि खरवडल्यावर पांढऱ्या रेषा मागें राहतात.

नखांस लावण्याचा रंग कांहीं जण सुचवितात. त्यांत असलेलीं द्रावणें वार्निशास मऊ करितात, व रंग वार्निशाशीं एकजीव होतो. तो काढण्याचें औषध तर त्याहून वाईट; तें वार्निशच काढून टाकतें. जुन्या व हातानें घडविलेल्या गिटारींवर लाखेचें पॉलिश असतें, आणि लाख स्पिरिटांत विरघळते. म्हणून अशा गिटारीजवळ स्पिरिटाचा बोळाही आणूं नये.

क्षणांत चिकटणारा डिंक वापरून टिकल्या किंवा मणी चिकटवूं नयेत. ते काढतांना लाकडाची कपची निघते. जाड टिकलीही नको. पडद्याची उंची सुमारें एक मिलिमीटर असते. टिकली त्याच्या जवळपास उंच झाली तर तार तिला लागून झणझणते.

खूण करण्याची रीत

आतां योग्य कृति सांगतों. हींत खर्च जवळजवळ नाहीं.

प्रथम, गिटार ज्याची असेल त्याची परवानगी घ्यावी. गिटार शाळेची असो, चर्चची असो, भावाची असो. विचारल्यावांचून खूण करूं नये. ही पायरी आम्हीं मुद्दाम पहिली घातली आहे.

दुसरें, हात धुऊन कोरडे करावे, आणि मऊ कोरड्या सुती फडक्यानें दांडीची कड पुसावी. पाणी किंवा साबण लावूं नये.

तिसरें, जागा निवडावी. आमच्या मतें खूण फ्रेटबोर्डाच्या तोंडावर न करितां, वाजविणाऱ्याच्या डोळ्यांकडे असलेल्या वरच्या कडेवर करावी. नीट बसून वाजविणाऱ्यास फ्रेटबोर्डाचें तोंड दिसत नाहीं; तें पाहण्यासाठीं तो गिटार आपल्याकडे कलती करितो, आणि त्यामुळें डावें मनगट वांकडें होऊन दुखूं लागतें. कड मात्र मान किंचित् लववितांच दिसते.

चवथें, साधन. रंगारी लोक भिंत रंगवितांना कडेला जी कागदी चिकटपट्टी लावितात, ती घ्यावी. तीस मास्किंग टेप म्हणतात. तिचा चिकटपणा बेताचा असून ती कागदासारखी फाडून काढतां येते. साधी पारदर्शक चिकटपट्टी घेऊं नये. ती उन्हाळ्यांत पाझरते, आणि कागदी पट्टीपेक्षां घट्ट धरते. आधीं पट्टीचा बारीक तुकडा दांडीच्या टोंकाजवळ, सहज न दिसणाऱ्या जागीं, एक दिवस लावून ठेवावा. काढल्यावर डाग, चिकटा किंवा चमकेंत फरक दिसला नाहीं तरच पुढें जावें.

पांचवें, पट्टीचे तुकडे टेबलावर कात्रीनें कापावे. रुंदी दोन मिलिमीटर व लांबी चार मिलिमीटर पुरे. पट्टी गिटारीस चिकटवून मग तीवर पातें फिरवून ती कापण्याची कांहींस संवय असते. तसें केलें तर पट्टीबरोबर लाकडावरही रेघ उमटते. तुकडे पिवळट असल्यानें काळ्या कडेवर उठून दिसतात. फिकट कडेवर त्यांस आधीं पेन्सिलीनें काळें करून घ्यावें.

सहावें, नट सोडून घरें दोनदां मोजावीं, आणि पांच, सात व बारा हे पडदे वर सांगितलेल्या घंटानादानें तपासावे. मग पांचव्या, सातव्या व नवव्या घराच्या मध्यावर एकेक आणि बाराव्या घराशीं दोन तुकडे लावावे. तिसऱ्या घराची खूण पुष्कळांस लागत नाहीं, लागल्यास लावावी. पहिल्या घरापासून सर्व घरांवर आंकडे लिहिलेल्या पट्ट्या बाजारांत मिळतात. त्या लावल्या तर डोळा आंकडे वाचीत बसतो, आणि कान शिकत नाहीं.

सातवें, लावल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती गिटारीच्या पेटींत ठेवावी. दर दोन आठवड्यांनीं तुकडे काढून नवे लावावे. कागदी पट्टी फार दिवस राहिली, विशेषतः कोंकणच्या दमट हवेंत, तर तिचा चिकटा लाकडावर उरतो.

खुणा कशा उतरवाव्या

खूण उतरविणें हा शिक्षणाचा भाग आहे. पहिल्या दोन आठवड्यांनंतर जुने तुकडे काढले म्हणजे नवव्या घराचा पुन्हां लावूं नये. तें घर सातव्यापासून दोन घरें पुढें आहे हें बोटास कळलेलें असतें. आणखी दोन आठवड्यांनीं पांचव्याचा वगळावा. त्यानंतर सातव्याचा. बाराव्या घराशीं दांडी पोटास मिळते, निदान शास्त्रीय गिटारींत तरी. म्हणून तेथील खूण सर्वांत शेवटीं काढली तरी चालते, आणि मुळींच लावली नाहीं तरी चालते. अशा रीतीनें दोन-अडीच महिन्यांत गिटार पूर्वींसारखी कोरी होते, आणि ज्ञान मात्र मुलाजवळ राहतें.

तुकडा काढतांना नखानें उपटूं नये. त्याचें एक टोंक हळूच उचलून, तें लाकडाशीं जवळजवळ सपाट धरून, सावकाश मागें ओढावें. तो हटून बसला तर त्यावर तोंडानें ऊबदार श्वास सोडावा, आणि क्षणभर थांबावें. चिकटा उरला तर त्याच पट्टीचा दुसरा तुकडा त्यावर हलकेच दाबून उचलावा. चार-सहा वेळां असें केलें म्हणजे चिकटा उचलला जातो. तरीही राहिला तर पेट्रोल, थिनर अथवा स्पिरिट ह्यांच्या वाटेस न जातां गिटार वाद्यें दुरुस्त करणाऱ्यास दाखवावी. थोडासा चिकटा हें लहान नुकसान आहे. तो काढण्याच्या घाईंत वार्निश घालविणें हें मोठें.

शिंपल्याचे पांढरे ठिपके लाकडांत बसविलेल्या सुंदर गिटारी आपण पाहतों. ते बसवितांनाही लाकूड कोरावेंच लागतें. परंतु तें काम शिकलेला कारागीर, मोजून, मालकाच्या सांगण्यावरून करितो. आपली गिटार आपल्या मालकीची असेल आणि कायमची खूण हवीच असेल, तर तें काम अशा हातांकडे सोंपवावें.

पालकांस दोन शब्द

घरीं जुनी गिटार, व्हायोलिन किंवा पेटी असेल तर मुलांस ती वापरूं द्यावी. कोपऱ्यांत ठेवून वाद्य सुधारत नाहीं. मात्र देतांना एवढें स्पष्ट सांगावें कीं, हें दिलें आहे कीं शिकण्यापुरतें सोंपविलें आहे. मुलें पुष्कळदां हा भेद जाणत नाहींत, कारण तो त्यांस कोणी सांगितलेला नसतो. आणि मुलानें कांहीं बिघाड करून तो स्वतः येऊन सांगितला, तर पहिला शब्द रागाचा काढूं नये. जो मुलगा बिघाड सांगावयास भितो तो तो लपवावयास शिकतो, आणि लपविलेला बिघाड वाढतो.

आतां त्या पांच भोंकांविषयीं. आम्ही त्याच संध्याकाळीं मुलाबरोबर त्याच्या घरीं गेलों. वाटेंत तो एक शब्द बोलला नाहीं. आजोबांस आम्हीं सांगितलें कीं, खूण करण्यास आम्हीं सांगितलें आणि रीत सांगितली नाहीं, म्हणून ही चूक आमची आहे. मुलगा मध्येंच म्हणाला, "नाहीं आजोबा, भोंकें मीं पाडलीं." आजोबांनीं गिटार मांडीवर घेतली, चष्मा लावून तीं पांचही भोंकें बोटानें चांचपून पाहिलीं. मग चष्मा काढून ठेवला, आणि डोळे मिटून एका गीताची चाल वाजविली. हात कांपत होते, दोन ठिकाणीं स्वर निसटले, तरी एकही बोट चुकीच्या घरांत पडलें नाहीं. वाजवून झाल्यावर ते नातवास म्हणाले, "मला विचारलें असतेंस, तर मीं तुला कागद चिकटवून दिला असता." ह्यापलीकडे ते कांहीं बोलले नाहींत. मुलगा रडला. आमचीही मान खालीं गेली. कारण विचारावें, हें त्याला शिकविणें आमचें काम होतें.

पुढें एका कारागिरानें त्याच जातीच्या लाकडाचा भुसा व सरस ह्यांनीं तीं भोंकें भरून दिलीं. बोटास आतां तीं लागत नाहींत; परंतु उजेड तिरपा पडला म्हणजे पांच फिकट डाग दिसतात, आणि ते राहणार. नवा फ्रेटबोर्ड बसवूं काय असें कारागिरानें विचारलें, तेव्हां आजोबांनीं नको म्हणून सांगितलें. नातू आज बिनखुणेची गिटार वाजवितो, आणि गेल्या नाताळच्या उपासनेंत त्यानें साथ केली.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायांत परक्याच्या मालाविषयीं विश्वासू असण्याबद्दल प्रभूनें जी शिकवण दिली आहे, ती आम्ही वर्गांत पुष्कळ वेळां वाचून दाखविली होती. ती एका गिटारीच्या पांच घरांपर्यंत येऊन पोंचते, हें आम्हांस त्या संध्याकाळीं कळलें. आमच्या विद्यार्थ्यांस विनंती एवढीच कीं, ह्या सुटींत घरांतील वाद्य बाहेर काढावें. त्यावर जुन्या पट्ट्या असतील तर वर सांगितल्याप्रमाणें सावकाश उतरवाव्या. आणि पूर्वीं कोणाच्या वाद्यास आपल्या हातून कांहीं इजा झाली असेल, तर त्याच्या मालकास जाऊन सांगावें. आम्ही सांगितलें आहे; तें वाटलें होतें त्याहून सोपें गेलें.